रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं दुखतंच

"एमआरआय नॉर्मल, डोळेही ठीक, मग हा नाटक तर करत नाही ना?" आईवडील हे मला सतत विचारतात, तेही बहुतेक वेळा मूल शेजारी बसलेलं असताना. नाही हो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे डोक्यात गाठ वगैरे नाही एवढंच, दुखणं खरंच असतं.

१५ वर्षांचा एक मुलगा यायचा माझ्याकडे समुपदेशनासाठी (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखायचं, शाळा जवळपास सुटलेली. न्यूरोलॉजिस्टने मायग्रेनचं निदान करून औषध दिलेलं. पहिल्या भेटीत आई दर थोड्या वेळाने "आता कसंय?" विचारायची आणि दर वेळी त्याचा हात कपाळाकडे जायचा. आईला मी एकच काम दिलं, डोक्याची चौकशी बंद, बाकी हव्या तेवढ्या गप्पा मारा. आपण काळजीपोटीच विचारतो पण त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा दुखण्यावरच जातं.

त्याला डायरी दिली. दुखणं १० पैकी किती, झोप, गोळी, आणि माझा आवडता कॉलम, आज काय रद्द केलं.

काही आठवड्यांनी आम्ही ती सोबत वाचली.

"मंगळवारी किती?"
"३."
"रद्द काय?"
"प्रॅक्टिस."
"गुरुवारी?"
"२... प्रॅक्टिसच."

तो थांबला, स्वतःच मागची पानं उलटायला लागला. "म्हणजे फार दुखत नव्हतं तेव्हापण गेलो नाही. दुखेल म्हणून गेलो नाही." हे मी आधीच सांगू शकले असते, पण त्याने स्वतः पाहिलं म्हणून ते त्याचं झालं, आणि माझ्या मते खरं काम इथेच होतं. मग हळूच म्हणाला, "तसंही मी नसलो तर कोणाला काय फरक पडतो."

असं वाक्य आलं की मी सरळ विचारते, मरायचे विचार येतात का? विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, उलट मूल मोकळं होतं. त्याला कधीकधी यायचे. त्याच दिवशी त्याच्यासमोर आईवडिलांशी बोललो, सायकियाट्रिस्टची भेट ठरवली. दुखण्याने उदासी वाढते आणि उदासीने दुखणं, म्हणून उपचार दोन्हींवर एकदमच हवेत. २०१३ च्या एका अभ्यासात जुनाट मायग्रेनच्या १० ते १७ वर्षांच्या मुलांना औषधासोबत सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) दिल्यावर, औषध आणि नुसती माहिती मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त फरक पडला होता.

शाळा आधी अर्धा दिवस, दुखणं थांबायची वाट न बघता. उठायची वेळ रोज तीच, सुट्टीतसुद्धा, आणि या वयात झोप ८ ते १० तास लागतेच. गोळ्या मोजा, साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतली तर तिच्यानेच डोकं दुखायला लागतं, ती कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. अचानक भयंकर दुखलं, तापासोबत मान आखडली, दुखण्याने झोपमोड होऊन उलटी झाली, हातपाय लुळे पडले किंवा डोळ्यांना नीट दिसेनासं झालं तर मात्र थेट हॉस्पिटल.

त्याचं डोकं अजूनही दुखतं, पण बरंच कमी दिवस, आणि त्या रद्दच्या कॉलममध्ये आता बहुतेक वेळा रेघ असते.