वाचकांचे प्रश्न : सामायिक फोल्डर नव्या विंडोजवर का उघडत नाही?

प्रश्न : आमच्या शाळेच्या कार्यालयात लिनक्सच्या एका संगणकावर सांबा (लिनक्सवरील फोल्डर विंडोज व मॅकला नेटवर्कवरून उघडू देणारी प्रणाली) बसवून सर्वांसाठी एक सामायिक फोल्डर ठेवले आहे. आजवर ते पासवर्डशिवाय उघडत असे. विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती असलेल्या नव्या संगणकांवर ते उघडत नाही. मॅकवर मात्र ‘गेस्ट’ (पासवर्ड नसलेला पाहुणा) म्हणून अजूनही उघडते. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञांनी एसएमबी १ (फोल्डर सामायिक करण्याच्या एसएमबी या नेटवर्क-पद्धतीची सर्वांत जुनी आवृत्ती) पुन्हा चालू करण्यास सुचवले आहे. तसे करावे का? — एक लिपिक, सांगली

उत्तर : मुळीच करू नये. आपल्या अडचणीचा एसएमबी १ शी संबंध नाही आणि ते चालू करणे धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या आवृत्तीतील त्रुटीतून संगणकांत शिरला होता, आणि मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती त्यांना त्याचा फटका बसला. सांबानेही २०१९ पासून ही आवृत्ती मूळ मांडणीत बंद ठेवली आहे.

खरे कारण असे, की फोल्डर उघडताना विंडोज त्या संगणकावर लॉगिन केलेल्या व्यक्तीचे नाव आपणहून सर्व्हरला, म्हणजे फोल्डर असलेल्या लिनक्सच्या संगणकाला, कळवते. सांबाच्या मांडणीत ‘मॅप टू गेस्ट’ पुढे ‘बॅड यूजर’ असे लिहिलेले असल्यास सर्व्हर अनोळखी नाव नाकारत नाही, तर त्या व्यक्तीला गेस्ट मानून आत घेतो. विंडोज ११ प्रोने २४एच२ पासून असा प्रवेश बंद केला आणि प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली. ती ज्या किल्लीने होते ती पासवर्डाच्या आधारे तयार होते. गेस्टला पासवर्डच नसल्यामुळे त्याची स्वाक्षरीही होऊ शकत नाही.

हे दोन्ही निर्बंध विंडोजच्या धोरणांतून सैल करता येतात, पण माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे की तसे करू नका. आज त्या फोल्डरमधील फाइलींचे मालक पाहिलेत, तर बहुधा सगळीकडे ‘नोबडी’ हे एकच नाव दिसेल. गुणपत्रके आणि दाखले जिथे राहतात, तिथे बदल कोणी केला हे सांगता न येणे ही पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठी अडचण आहे.

म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचे लिनक्सवर स्वतंत्र खाते उघडावे आणि ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने सांबासाठी त्याचा पासवर्ड वेगळा नोंदवावा. हे दोनदा का करायचे, असे अनेकजण विचारतात. लिनक्स पासवर्डाचा जो उलट न फिरवता येणारा हॅश (पासवर्डापासून गणिताने काढलेला सांकेतिक ठसा) साठवते, त्यावरून विंडोजच्या पडताळणीला लागणारा निराळा हॅश काढता येत नाही. त्यामुळे सांबाला आपली वेगळी नोंद ठेवावीच लागते. यानंतर सर्वांना एका गटात घालून फोल्डरला सांबाच्या मांडणीतील ‘फोर्स ग्रुप’ (नव्या फाइली त्याच गटाच्या नावे ठेवणारी सूचना) लावावा आणि नव्या फाइलींवर गटालाही लिहिण्याची परवानगी राहील असे पाहावे, नाहीतर एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला दुरुस्त करता येणार नाही.

विंडोज सुरू करताना आपण जो पिन टाकता तो त्या एका संगणकापुरताच असतो. सर्व्हरला सांबाचाच पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नसेल, तर विंडोज जिथे पासवर्ड जपून ठेवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील त्या सर्व्हरची जुनी नोंद काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा, कारण विंडोज एकाच सर्व्हरशी एका वेळी दोन नावांनी जोडू देत नाही.

प्रश्न : जुन्या मॅकच्या डिस्कवरून लिनक्सवर आणलेली ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ ही फाइल तिथल्या त्याच नावाच्या फाइलीची जागा न घेता शेजारी दुसरी म्हणून दिसते. असे का? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संकेतात) दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा सुटा. मॅकची जुनी, एचएफएस प्लस या रचनेची डिस्क नावे सुट्या रूपात साठवते. लिनक्स मात्र नाव जसे येते तसेच ठेवते, त्यामुळे डोळ्यांना एक दिसणारी नावे त्याच्या लेखी दोन असतात. लिनक्सवरील ‘कॉन्व्हएमव्ही’ या साधनाने नावे एकसंध रूपात आणता येतात. दोन्ही फाइलींतील मजकूर आधी ताडून पाहा, कोणती ठेवायची ते ठरवा आणि मगच दुसरी हलवा.