ग्रंथपालबाईंना विचारा : शेणवी शोधाल तर सिनाय सापडेल

मी पेडण्याची. गोवा विद्यापीठात मराठीत पीएच.डी. करते. विषय 1910 ते 1930 या काळातली गोव्यातली मराठी नियतकालिकं. दोन बस बदलून ताळगाव पठारावर पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये जुन्या लेखकांची नावं टाकते, तर निकाल शून्य. घरबसल्या किती काम होईल?
— एक संशोधक विद्यार्थिनी

बाय, आधी त्या शून्याचं बघू. तू नाव टाकतेस ते आजच्या स्पेलिंगने, आणि पुस्तकावर छापलंय ते पोर्तुगीज वळणाने. पोर्तुगीज लिपिकाच्या हाती 'के' हे अक्षर जवळजवळ नव्हतंच. तो 'क'साठी 'सी' वापरायचा, 'के', 'की' अशा उच्चारांसाठी 'क्यू-यू', आणि 'श'साठी चक्क 'एक्स'. म्हणून शिरोडकर हवे असतील तर 'एस-एच'ने शोधून बघच, पण मग 'एक्स-आय-आर-ओ-डी-सी-ए-आर' असंही टाक. नाईकांच्या शेवटी 'क्यू-यू-ई' येतं, शेणव्यांचे 'सिनाय' होतात, परबांचे 'पोरोबो'. गावांचीही तीच तऱ्हा. तुझं पेडणे तिथं 'पेरनेम', डिचोली 'बिचोलीम' आणि केपे 'क्यू'ने सुरू होणारं.

पांडुरंग पिसुर्लेकरांचंच घे. आयुष्यभर जुने दस्तऐवज चाळलेला हा इतिहासकार (1894–1969). पण त्यांच्या पोर्तुगीज पुस्तकांवर 'पांडुरोंग' छापलंय आणि आडनावात 'के' औषधालाही नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह तुझ्याच विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे, दामोदर कोसंबींचाही आहे. नाव चुकीचं टाकलंस तर दहा पावलांवरचं कपाट तुला दिसणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगते. कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर नवा होता तेव्हाची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ भर पावसात छत्री निथळत आले. वडिलांनी छापलेली एक पुस्तिका शोधत होते, घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. मी 'शेणवी' टाकलं, एंटर दाबलं आणि "नाही हो आमच्याकडे" म्हटलं. फार तर मिनिटभर लागलं असेल. पुढच्या वर्षी स्टॉक तपासताना ती पुस्तिका हाती आली, 'सिनाय'खाली, जागच्या जागी. त्यांचा पत्ता मी लिहून घेतला नव्हता.

तर एक वही कर. प्रत्येक लेखकासाठी एक पान: देवनागरी, आजचं रोमन, पोर्तुगीज रोमन. बऱ्याच कॅटलॉगमध्ये अर्ध्या शब्दापुढे तारा (*) टाकला की पुढची सगळी रूपं येतात, तेही करून बघ. आणि तरीही शून्य आलं तर काउंटरवर विचार. नोंदी करणारी माणसं तिथंच बसलेली असतात, आणि मशीनला न सुचलेलं स्पेलिंग त्यांना सुचतं.

आता घरबसल्याचं. इंग्रजी जर्नल्स मिळतील, भरपूर मिळतील. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या संस्थांना जर्नल्स खुली करणाऱ्या योजनेला केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स. सरकारी विद्यापीठं त्यात आहेत. कॅम्पसच्या नेटवर थेट उघडतं. घरून वाचायचं तर 'इन्फेड' या घरून जर्नल्स उघडून देणाऱ्या सेवेचा लॉगिन लागतो, तो लायब्ररीतूनच मागून घे. पण खरं सांगू? त्या तेरा हजारांत तुझ्या विषयाचं मूठभरच निघेल. रसायनशास्त्रवाल्यांची दिवाळी आहे ती.

'शोधगंगा' ही भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांची वेबसाइट मात्र तुझ्या कामाची. एक खोच तेवढी लक्षात ठेव. मराठीतले कितीतरी जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना छान मराठी दिसते, पण फाइलमध्ये शब्द शोधायला गेलीस तर एकही सापडत नाही. कॉपी करून पेस्ट केलंस तर कुणी कीबोर्डवर मांजर सोडल्यासारखी अक्षरं पडतात. तेव्हा विभाग आणि मार्गदर्शकाच्या नावावरून शोध आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी वाच.

खुद्द नियतकालिकांसाठी मात्र बस सुटणार नाही. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना मोकळा श्वास मिळाला आणि नवी मराठी नियतकालिकं निघू लागली. हेगडे देसायांचं 'भारत' हे पत्र 1912 चं. ते अंक शोधायला पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठ, मूळ स्थापना 1832 ची. पणजीच्या कदंब स्टँडवरून चालत जाता येतं, म्हणजे तुझी एक बस तरी वाचली. निघण्याआधी फोन करून विचार, हवा तो अंक बाइंडिंगला गेला असेल तर खेप फुकट. पेन्सिल ने, पेन नको. पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धर, खालचे कोपरे आधीच्यांनी थुंकी लावून मऊ केलेले असतात.

प्रबंधाचा प्लेजरिझम (वाङ्मयचौर्य) रिपोर्ट 38 टक्के आला. निम्मं साम्य तर मी अवतरणचिन्हांत दिलेल्या उताऱ्यांचंच आहे. सर बोलत नाहीत.
— फोंड्याहून एक विद्यार्थी

सर बोलतील, आधी रिपोर्ट उघड. नुसता आकडा बघून रडणारे खूप येतात माझ्याकडे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे साम्यात धरायचं नसतं. लायब्ररीत सांग, ती गाळणी लावून पुन्हा चालवतील. उरलेलं साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं तर प्रश्न मिटला. दहाच्या वर आणि चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. चाळीसच्या वर गेलं की वर्षभर थांबवतात आणि साठच्या वर नोंदणीच जाते. आणि दुसऱ्याचा परिच्छेद क्रियापदं बदलून आपला केला असशील, तर तो काढ. तुला माहीत आहे कुठला ते.

आजोबांची मोडीतली कागदपत्रं घरी आहेत. लॅमिनेट करून मग स्कॅन करावीत म्हणतो.
— एक वाचक, डिचोली

लॅमिनेट? अजिबात नको! सेलोटेपही नको. कागद घडीवर ताणू नका, खिडकीजवळच्या उजेडात सपाट ठेवून फ्लॅश बंद करून फोटो काढा, स्कॅनर असेल तर 300 डीपीआय पुरे. मागची कोरी बाजूही घ्या, कधी शेरा तिथं असतो. फाइलला 'आजोबा1', 'आजोबा2' अशी नावं देऊ नका. गाव, साल, कागदाचा प्रकार लिहा. आणि गावाचं नाव दोन्ही स्पेलिंगांनी.