पालथं झोपवताना

अगं, आपल्या कोकणातले ऑक्सिजनवरचे आजोबा पालथं झोपा म्हटलं की आधी नाहीच म्हणतात, तेव्हा ओरडू नको, हात धरून समजाव की पाठीकडचं फुफ्फुस मोकळं होतं नि रक्तातला ऑक्सिजन वाढतो. पेज खाल्ल्यावर तासभर थांब. एक उशी मानेखाली, एकदोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली, आणि ऑक्सिजनची नळी बघ, वळताना हमखास मुडपते. २०२१ च्या अभ्यासात हाय फ्लोवरच्या (नाकातल्या नळीतून जोरात ऑक्सिजन देतात त्या) कोविड पेशंटना पालथं झोपवल्यावर श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ कमी आली, जास्त तास पालथे राहिले त्यांना जास्त फायदा, म्हणून सारखी जाऊन विचारपूस कर गं. गरोदर बाई किंवा मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर नको. पण धाप वाढली, पेशंट गुंगायला लागला तर वाट बघत बसू नको, लगेच डॉक्टरांना बोलव.