गोचीड चावली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे आजार अजून अंगात आहे का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी अंबाजोगाईची. पोरगा अमेरिकेत कनेक्टिकटला नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये तिथं त्याला गोचीड चावली, काखेजवळ मोठा लाल गोल चट्टा उठला, तिथल्या डॉक्टरनं रक्त न तपासताच डॉक्सीसायक्लीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. चट्टा गेला. आता फेब्रुवारीत गावी आलाय तर म्हणतो गुडघा दुखतो, थकवा वाटतो. इथं लॅबमध्ये लाइमची (गोचिडीतून होणाऱ्या आजाराची) टेस्ट केली तर आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पॉझिटिव्ह. एक जण म्हणाले आजार अ‍ॅक्टिव्ह आहे, दोन महिने सलाईनमधून इंजेक्शनं घ्यावी लागतील. रात्री झोप येत नाही हो. काय करावं?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, ती इंजेक्शनं लगेच सुरू करू नका. तुमची काळजी खरी आहे पण त्या कागदावर जे लिहिलंय त्याचा अर्थ तुम्हाला नीट सांगितलेला नाही.

ही टेस्ट रक्तात जंतू शोधत नाही. बोरेलिया नावाचा जंतू अंगात शिरल्यावर शरीरानं त्याच्याविरुद्ध ज्या अँटिबॉडी (जंतूशी लढणारी प्रथिनं, आयजीएम आधी तयार होतात, आयजीजी नंतर) तयार केल्या त्या शोधते. आपल्या काळ्या रानात रानडुक्कर येऊन गेलं की ओल्या मातीत खूर उमटतात आणि माती वाळली की ते तसेच राहतात, पण खूर दिसले म्हणून डुक्कर अजून ज्वारीतच बसलंय असं कुणी म्हणत नाही ना, तसंच आहे हे. आजार बरा झाल्यावरही अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कित्येकांत वर्षानुवर्षं रक्तात राहतात, आयजीएमसुद्धा. म्हणून गोळ्या झाल्यावर "गेला का बघू" म्हणून ही टेस्ट परत करायचीच नसते.

आणि तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं नाही ते बरोबरच केलं. चट्टा असतो तेव्हा अँटिबॉडी पुरेशा तयारच झालेल्या नसतात, त्याला काही आठवडे लागतात, त्यामुळं त्या वेळी टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि माणूस उपचाराविना राहतो. लाइम ज्या भागात आहे तिथं असा चट्टा दिसला की तेवढ्यावरच निदान करून गोळ्या देतात. कनेक्टिकट तर या आजाराचं घरच, १९७५ च्या सुमारास तिथल्या लाइम गावाच्या परिसरात बऱ्याच मुलांचे गुडघे सुजले, त्यावरून शोध सुरू झाला आणि आजाराला नावही त्याच गावाचं पडलं.

आता तुमचा रिपोर्ट. पहिली टेस्ट एलायझा असते, ती पॉझिटिव्ह किंवा शंकास्पद आली तरच दुसरी करायची, वेस्टर्न ब्लॉट (आता काही ठिकाणी दुसरी पण एलायझाच करतात). ब्लॉटमध्ये एक बारीक पट्टी असते, तिच्यावर काळसर आडव्या रेघा उमटतात आणि त्या मोजतात. आयजीएमला ठरलेल्या ३ पैकी २ रेघा, आयजीजीला १० पैकी ५. एखादी ४१ नंबरची रेघ तर लाइम कधीच न झालेल्या माणसातही दिसते. आणि महत्त्वाचं म्हणजे आयजीएम फक्त पहिल्या महिनाभरात धरायचं, तुमच्या मुलाला आठ महिने झाले, त्याचं आयजीएम सोडूनच द्या. तुमच्याकडं फक्त एलायझा झालीय का ब्लॉट पण, ते लॅबला विचारा. सिफिलिस, लेप्टो, संधिवात असला तरी एलायझा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

मग अ‍ॅक्टिव्ह आहे का हे कशावरून कळणार? गुडघ्यावरून! लाइमचा सांधेदुखीचा आजार असेल तर गुडघा नुसता दुखत नाही, चांगला टम्म सुजतो, आत पाणी होतं. हाडांच्या डॉक्टरकडं नेऊन तेवढं बघून घ्या. पाणी असेल तर ते काढून त्याची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करता येते, त्यात जंतूचा अंश सापडला तर त्या निदानाला मोठा आधार मिळतो, रक्ताच्या पीसीआरचा मात्र फारसा उपयोग नाही. आणि खरंच निघालं तरी सुरुवात २८ दिवसांच्या तोंडी गोळ्यांनीच करतात. नुसत्या दुखण्यासाठी, थकव्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन बघितलंय तिकडं, अभ्यास झालेत, टिकणारा फायदा दिसला नाही, उलट शिरेतल्या नळीतून इन्फेक्शन होण्याचा धोका वाढतो. सूज नसेल तर बी१२, डी, थायरॉइड बघा, मधे चिकनगुनिया होऊन गेला का तेही विचारा, आपल्याकडं त्यानं सांधे खूप दिवस धरतात.

प्रश्न : म्हशीच्या कासेच्या गोचिड्या हातानं उपटतो, परवा मलाच मनगटाला चावली. मी पण लाइमची टेस्ट करू का? (जिंतूर तालुका)

उत्तर : नको दादा. लाइम पसरवणारी गोचीड वेगळ्या जातीची, आपल्या गुराढोरांवर बहुतेक दुसऱ्या जातीच्या असतात, आणि जिथं आजारच नाही तिथं टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आलेली बहुतेक वेळा खोटीच निघते, नुसता घोर. पण उघड्या हातानं उपटून नखानं चिरडायचं आजपासून बंद करा, त्यातूनही दुसरे आजार लागतात, हातमोजे घाला आणि चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढा. दोनेक आठवड्यांत ताप आला, डोकं दुखलं, अंगावर पुरळ किंवा कुठं काळी खपली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा आणि "मला गोचीड चावली होती" हे स्वतःहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.