पेठेतलं जुनं दुकान शोधताना जागा वेगळी, पाटी वेगळी

आजोबांचं दुकान नारायण पेठेतल्या एका बोळात होतं, आता तिथे इमारत उभी आहे आणि हातात फक्त एक जुनं बिलबुक आहे. यावरून बोळाचा आणि दुकानाचा इतिहास निघेल का, असं तुम्ही विचारलंत. निघेल. पण जागेचा इतिहास आणि दुकानाचा इतिहास सुरुवातीला वेगवेगळे शोधा. दुकानं हलतात, विकली जातात, नाव तेच राहून माणसं बदलतात. पाटीवरचं 'स्थापना' साल धंद्याचं असतं, त्या गाळ्याचं असेलच असं नाही.

जागेसाठी नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालय गाठा. बिलावरच्या पत्त्यातला आकडा सिटी सर्व्हे नंबर आहे की नगरपालिकेचा जुना घर नंबर, हे आधी पक्कं करा, नाहीतर भलत्याच वाड्यामागे लागाल. संगणकावरच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) भागवू नका. जुनी हस्तलिखित पत्रिका, चौकशी नोंदवहीचा (भूमापनाच्या वेळी हक्कांची चौकशी झाली तिच्या नोंदीचा) उतारा आणि नकाशाची नक्कल मागा. पत्रिकेत 'हक्काचा मूळ धारक' आणि खाली तारखेनिशी फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, असतात: वारसा, खरेदी, गहाण. पण माझं सगळ्यात आवडतं सदर 'सुविधाधिकार'. बहुतेक जण ते वाचतही नाहीत. शेजाऱ्याचा जाण्यायेण्याचा हक्क, पागोळीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडणार, खिडकी कोणत्या बाजूला उघडणार, असं काही तिथे नोंदलेलं असेल तर तुमचा बोळ वहिवाटीचा होता की सार्वजनिक, याचा धागा तिथेच मिळतो. नकाशावर बोळाची रेघ कुठे संपते तेही बघा. आज आरपार असलेले काही बोळ पूर्वी एखाद्या वाड्याच्या मागच्या दारापाशी थांबत.

आजोबा भाडेकरू असतील तर मिळकत पत्रिकेत त्यांचं नाव सहसा सापडणार नाही. निराश होऊ नका. महापालिकेच्या करआकारणीच्या जुन्या नोंदींत मालकाबरोबर भोगवटादारही, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाराही, लिहीत. शिवाय शॉप अ‍ॅक्टचा परवाना आणि भाडेपावत्या घरातल्या ट्रंकेत शोधा. हे कागद कुणी जपून ठेवत नाही आणि मुद्दाम फेकतही नाही.

बिलबुक मात्र नीट न्याहाळा. आकडे आणे-पैत असतील तर ते १९५७च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. 'नवे पैसे' छापलं असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. 'नवे' हा शब्द १९६४मध्ये गेला. पत्त्यात 'पुणे २' असा टपाल विभागाचा जुना आकडा असेल आणि सहा आकडी पिनकोड नसेल, तर छपाई बहुधा १५ ऑगस्ट १९७२च्या आधीची. छापून उरलेली बिलं लोक वर्षानुवर्षं वापरत, म्हणून हाताने लिहिलेली तारीख छपाईपेक्षा वेगळी धरा.

वयस्कर शेजाऱ्यांना "दुकान कधीपासून होतं?" असं विचारलंत तर "फार पूर्वीपासून" एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचं विचारा. पाणी कुठवर चढलं, तेव्हा गाळ्यात कोण होतं, गाळ उपसल्यावर कोण परत आलं? त्या आठवणी १२ जुलै १९६१ला बांधलेल्या असतात. नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे त्या पुरात पडले, त्यामुळे तुमची इमारत नंतरची असण्याचीही शक्यता आहे.

ब्रिटिश काळातल्या पेठेचं चित्र हवं असेल तर १८८५चं पुण्याचं गॅझेटिअर (सरकारी माहितीग्रंथ) वाचा, त्यात पेठवार वर्णन आहे. पेशवाईत शिरायचं तर जुनी मोडी लिपी आलीच. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन जागा. तिथे पेठांची जुनी नावंही भेटतील: शनिवारचं मुर्तजाबाद, शुक्रवारचं विसापूर. जुन्या कागदांतली सुहूर सन ही कालगणना दिसली की इसवी सनासाठी महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे, शकात ७८ किंवा ७९. पण तुमचा प्रश्न आजोबांच्या दुकानाचा आहे, तेव्हा आधी तो सर्व्हे नंबर काढा.