‘माझ्या एकटीसाठी वेगळं कशाला?’

सीलिॲकचं, म्हणजे गहू अजिबात न चालणाऱ्या आतड्याच्या आजाराचं, निदान झालेल्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या भेटीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पथ्य कळलंय हो मॅडम, पण माझ्या एकटीसाठी रोज वेगळं कशाला करायचं?" बोलणारी कधी नोकरी करणारी असते, कधी नवी नवरी, कधी आजी झालेली. घरातल्या लहान मुलाला हा आजार निघाला तर गव्हाचा डबा दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातो. आईला निघाला तर तो ओट्यावरच राहतो आणि आईने स्वतःला सांभाळावं अशी अपेक्षा असते. तिचीही तीच अपेक्षा असते.

वर्षाची गोष्ट म्हणून सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वर्षा पस्तिशीतली, शाळेत शिकवणारी. कित्येक वर्षं तिचं हिमोग्लोबिन आठ-साडेआठच्या वर टिकत नव्हतं. गोळ्या झाल्या, शिरेतून लोह देऊन झालं. चढायचं आणि पुन्हा उतरायचं. बायकांचं कमीच असतं म्हणून सगळे गप्प बसायचे, तीसुद्धा. अखेर एका पोटविकारतज्ज्ञाने टीटीजी अँटिबॉडीची, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, चाचणी केली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि उलगडा झाला. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटत होती. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे रसांकुर असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले होते. लोह प्रामुख्याने आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सीलिॲकचा मारा तिथेच सगळ्यात जास्त असतो. मग गोळ्या घेऊन उपयोग काय?

माझ्याकडे ती आली तेव्हा पथ्य सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि अँटिबॉडी म्हणाव्या तशा उतरल्या नव्हत्या. डॉक्टरांना वाटत होतं, ही चोरून खाते. तिला वाटत होतं, डॉक्टर आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. दोघंही थकले होते.

पथ्याबद्दल मी काही विचारलं नाही. पथ्याबद्दल विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो. मी म्हटलं, "कालची संध्याकाळ सांगा. चप्पल काढल्यापासून."

तिने सांगितलं. चहा, मुलीचा अभ्यास, भाजी फोडणीला. मग परातीत कणीक मळली, पाच माणसांच्या पोळ्या लाटल्या, भाजल्या, सगळ्यांना वाढलं.

"तुमची भाकरी?"

"सगळ्यांचं झालं की थापते."

"कशात?"

"परातीतच. पुसून घेते ना."

"तवा?"

"तोच."

"आणि काल?"

ती थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, "काल खूप दमले होते. मुलीने अर्धी पोळी टाकली होती. टाकून कशी द्यायची? आणि खरं सांगू का, खाल्ली तरी मला काही होत नाही."

शेवटचं वाक्य फार फसवं आहे. सीलिॲक असलेल्या कित्येक मोठ्या माणसांना गहू पोटात गेल्यावर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पोट दुखलं नाही म्हणजे आतडं सुरक्षित आहे, असं नसतं. एका घासाने काय होतंय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशेब सांगते. एका पोळीत साधारण दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा, काही महिने पोटात जात राहिला तरी आतड्याला इजा होते. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती याच कारणासाठी. पुसलेल्या परातीत, लाटण्याच्या रेघांत, पोळपाटाच्या कडेला पीठ सहज उरतं.

पण ही माहिती वर्षाला आहारतज्ज्ञांनी दिली होतीच. तिच्याकडे माहिती होती, रांगेत जागा नव्हती. ती बोलत असताना मी समोरच्या कागदावर नुसता क्रम लिहीत गेले: सासरे, नवरा, मुलगी, दीर, सासूबाई, मग वर्षा. कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "यात आजारी कोण आहे?"

तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मग हळूच म्हणाली, "मी सगळ्यात शेवटी आहे."

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. मी सल्ला दिलेला नव्हता, तिचीच संध्याकाळ तिच्यापुढे ठेवली होती. आजार एका माणसाचा असतो पण जेवण घराचं असतं, आणि घराचा क्रम बदलल्याशिवाय एकट्या माणसाचं पथ्य टिकत नाही, असं मी फार वर्षांपासून मानत आले आहे. माझा कल म्हणूनच घरच्यांना बोलावण्याकडे असतो. निश्चय वाढवा, मन घट्ट करा, असं मी वर्षाला एकदाही म्हटलं नाही. तिचा निश्चय मुळात कमी नव्हताच.

पुढच्या वेळी सासूबाई आणि नवरा आले. वर्षा धास्तावली होती. सासूबाईंनी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "मी हिला पोळी खा म्हणून कधी म्हटलं नाही."

"नाहीच म्हटलं आई," वर्षा म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस, तुझी भाकरी राहते म्हणून?"

"तुम्हाला त्रास कशाला..."

नवरा म्हणाला, "मी तर तिला पहिल्या दिवसापासून सांगतोय, तुला हवं ते कर."

मी त्याला विचारलं, "ते करताना तुम्ही कुठे असता?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, बाहेरच्या खोलीत. ‘तुला हवं ते कर’ यात परवानगी आहे, हातभार नाही. हे वाक्य मी फार चांगल्या नवऱ्यांकडून ऐकलेलं आहे.

त्या घरात खलनायक कुणीच नव्हतं. बहुतेक घरांत नसतो. मी सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या जेवणाबद्दल विचारलं आणि त्या खुलल्या. माहेर सोलापूरकडचं. तिकडे रोज ज्वारी, पोळी सणावारी. सासरी आल्यावर रोजची पोळी सुरू झाली तेव्हा त्यांना ती श्रीमंती वाटली होती. भाकरी पाहुण्यांपुढे ठेवायची नाही, हे त्या इथे शिकल्या. "पण माझ्या हातची भाकरी अजून पापुद्रा धरते," असं म्हणताना त्यांचा हात थापल्यासारखा हलत होता. वर्षाची भाकरी मात्र फुटायची. ती फुटू नये म्हणून अधूनमधून चमचाभर कणीक मिसळायची, हेही तेव्हाच बाहेर आलं! सासूबाई उसळल्या, "अगं, पीठ जुनं असतं तुझं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी होते का कधी? थोडं थोडं दळायचं, आणि पाणी चांगलं उकळतं घ्यायचं."

मग मी मांडलं ते एवढंच: रोज पहिली भाकरी होईल, पोळ्या नंतर. स्वच्छ ओटा, भाकरीचा तवा वेगळा, काठवट वेगळी, आणि भाकऱ्या झाकून ठेवल्याशिवाय कणकेचा डबा उघडायचा नाही. हवेत उडणारी पिठी नंतर उडते, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबर आहेच. पण वर्षाचं ताट आधी तयार होतं, हा त्यातला मोठा भाग. दमून उरलेल्यावर भागवायची वेळच येत नाही. भाकरी थापायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. मागून घेतलं, हे मुद्दाम लिहिते. त्यांना कुणी काही करू नका म्हटलं असतं तर त्या दुखावून बाजूला झाल्या असत्या. देणारा हात रिकामा ठेवला की तो लपवून देतो, हे मी मधुमेहाच्या घरांतही पाहिलं आहे.

दळणाचं काम नवऱ्याकडे आलं. गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारी’ टाका म्हटलं तरी आधीचा गहू जात्यात उरलेला असतोच. पहिला पायलीभर घाणा दुसऱ्याच्या ज्वारीचा असला तरी खात्री नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. नसेल परवडत तर तांदूळ, नाचणी घरी निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर थोडी थोडी दळावी. धान्य निवडायचं हे विसरू नका, ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. दुकानातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात असतो, थालिपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी असतो, सोया सॉसमध्ये असतो. उलट आपल्या उपासाच्या पदार्थांत, म्हणजे साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा यांत, गहू नसतो. वर्षाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एकादशीला मी सगळ्यांसारखीच." तळणीचं तेल तेवढं पुऱ्या तळलेलं नको.

श्रावणात सत्यनारायण आला आणि सगळं पुन्हा डळमळलं. सासूबाई मला म्हणाल्या, "भाकरीचं ठीक आहे हो. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? कलावती प्रसाद न घेता धावली आणि नवरा नावेसकट दिसेनासा झाला." भीती खरी होती, त्यांच्या मुलाच्याच आयुष्याची होती. मी श्रद्धेशी वाद घालत नाही. एवढंच म्हटलं, "प्रसाद कशाचा करायचा हे पोथीत काय दिलंय, ते गुरुजींना विचारून बघाल का?"

पुढच्या भेटीला त्या वर्षाच्या आधी आत आल्या. पहिल्याच अध्यायात दिलेलं आहे: गव्हाचं पीठ, आणि ते नसेल तर तांदळाचं. "इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्षच गेलं नाही!" त्यांनी तांदूळ धुऊन, वाळवून घरीच रवा काढला, आणि सव्वाच्या मापाने तूप, साखर, दूध, केळं घालून शिरा केला. सगळ्यांसाठी तोच. वर्षाला पहिल्यांदा कुणी ‘तुझं वेगळं’ म्हणून वाटी दिली नाही. मला या घराचा मनापासून अभिमान वाटतो, आणि थोडा माझ्या कामाचाही.

पुढच्या तपासण्यांत अँटिबॉडी उतरत गेल्या, हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं. मोठ्या माणसांचं आतडं पूर्ण भरून यायला दोन वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात, म्हणून तिची तपासणी चालू आहे.

हे वाचून कुणी उद्यापासून गहू सोडणार असेल तर थांबा. माझ्याकडे एक तरुण स्वतःच गहू बंद करून आला होता, मित्रांत जेवायला जाणंही त्याने सोडलं होतं. तपासणीत निघालं ते दूध न पचणं. त्याला ताक, दही चालतं. गहू आधीच सोडला की सीलिॲकची रक्तचाचणी आणि आतड्याची तपासणी दोन्ही चुकीचा दिलासा देऊ शकतात. निदान होईपर्यंत नेहमीसारखं जेवत राहा.

आणि निदान झालंच, तर सख्ख्या नात्यातल्यांची चाचणी करून घ्या. एरवी शंभरात एकाला असणारा हा आजार आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात दहात एकापर्यंत आढळतो. वर्षा मुलीला न्यायला टाळत होती. "तिलाही निघालं तर?" मी म्हटलं, "तर तुमच्या घराला भाकरी आधी कशी करायची हे आता माहीत आहे." नवऱ्याने त्याच आठवड्यात मुलीला नेऊन तिचं रक्त तपासायला दिलं. अहवालात काही निघालं नाही. डॉक्टरांनी काही वर्षांनी पुन्हा बघू असं सांगितलं आहे, कारण हा आजार पुढे कोणत्याही वयात डोकं वर काढू शकतो.