वडिलांची १९९४ची मारुती ८०० सोलापुरात घरीच नीट करायची आहे, सुरुवात कुठून करू?

रंगाचा विषय सध्या डोक्यातून काढा. आधी आतलं मॅटिंग उचला आणि खालचा पत्रा जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आमच्या गाडीत तो आरपार गेला आणि भोकातून अंगणातली फरशी दिसली! असा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. वरून पुट्टी फासली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

मग ब्रेक: व्हील सिलिंडरचे (चाकापाशी ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबर आणि सगळं ब्रेक ऑइल बदला. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही काढाच, इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते फुगतात, चिरतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, म्हणून रेडिएटर सोडवून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) काढून टाकू नका. मेकॅनिक सर्रास तसं सुचवतात, ऐकू नका.

खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, जॅक स्टँड लावाच.

मॉडिफिकेशनचं म्हणाल तर इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, रंग बदललात तर आरसीवर नोंद. आणि हो, १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. खर्चाआधी आरसीवरची तारीख बघून घ्या.